लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया : कोणाला, कोणती आणि नंतर काय?

नाशिकच्या गंगापूर रोडवर पहाटे फिरायला निघणाऱ्यांची चांगलीच वर्दळ असते. कोणी गोदाकाठाकडे वळतो, कोणी आनंदवल्लीपर्यंत जाऊन परततो. परतताना त्यांतलेच काही मिसळीच्या टेबलाशी बसलेले दिसतात, हा भाग वेगळा! चालण्याने आणि जेवण आवरल्याने वजन उतरेल अशी माणसे यांत पुष्कळ असतात. पण वर्षानुवर्षे चालूनही, उपास करूनही ज्यांचे वजन चार किलो उतरते आणि सहा किलो परत येते, अशीही काही असतात. त्यांचे गुडघे बोलू लागतात, साखर वाढते, रात्री झोपेत श्वास अडतो. अशा माणसांना हल्ली डॉक्टर शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. आज त्याविषयीच आपल्याशी चार गोष्टी बोलावयाच्या आहेत. मी वैद्यकाचा माणूस नव्हे, मास्तर आहे. तेव्हा औषधपाणी सांगणे हे माझे काम नाही. विषय नीट समजून घेऊ या, म्हणजे डॉक्टरांपुढे बसल्यावर काय विचारावे हे कळेल.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. लठ्ठ माणूस म्हणजे खादाड आणि आळशी, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती इतकी सोपी नाही. वजन उतरू लागले की शरीराला दुष्काळ पडल्यासारखे वाटते. ते भूक वाढवते आणि खर्च कमी करते; काटकसरी गृहिणीने डबे झाकून ठेवावेत तसे. म्हणून नुसत्या निर्धाराने उतरवलेले वजन पुष्कळदा परत येते. यात त्या माणसाचा दोष किती आणि शरीराच्या या जुन्या सवयीचा किती, हे ठरविण्याची घाई करू नये.

आता लठ्ठपणा मोजावयाचा कसा? शिक्षकबंधूंनी हे गणित फळ्यावर मांडून पाहावे. वजन किलोत घ्यावे, उंची मीटरमध्ये. उंचीला उंचीने गुणावे आणि त्या गुणाकाराने वजनाला भागावे. उंची १.६ मीटर असेल तर गुणाकार २.५६ येतो. वजन ६४ किलो असेल तर भागाकार २५. आपल्या देशात २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा, असे डॉक्टर मानतात. युरोप-अमेरिकेत लठ्ठपणाची हीच रेषा ३० वर आहे.

आपल्यासाठी ही रेषा खाली का? याचे उत्तर शोधण्यात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाचा मोठा वाटा आहे. २००४ साली त्यांनी आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचेच उदाहरण छापले. दोघांचाही भागाकार २२.३. पण तपासणी केली तेव्हा युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! वजनकाट्याला जे दिसले नाही ते असे उघड झाले. आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेले अशी माणसे गावोगाव दिसतात, त्यांना मधुमेह गाठतो तो यामुळेच. म्हणून कंबरही मोजावी. पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटीमीटरच्या आत असावी.

शस्त्रक्रियेची कल्पना कोठून आली तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन नावाचे शल्यविशारद होते. व्रणामुळे ज्यांच्या जठराचा भाग काढावा लागला, त्यांचे वजन पुन्हा सहजी वाढत नाही, हे त्यांनी हेरले. आणि १९६६ साली लठ्ठपणावर त्याच धर्तीची पहिली शस्त्रक्रिया केली. पुढे पोट न फाडता, चार-पाच छोट्या छिद्रांतून दुर्बिणीने ती करता येऊ लागली. आपल्याकडे हा विषय घरोघर पोहोचला तो २०१७ साली. इजिप्तमधील इमान अहमद या अतिशय वजनदार महिलेला विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले गेले, तिच्यावर शस्त्रक्रियाही झाली. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबी येथे तिचे निधन झाले. तिला इतरही अनेक व्याधी होत्या. ते उदाहरण अगदी टोकाचे. त्यावरून सर्वसाधारण रुग्णाने घाबरू नये आणि भुलूही नये.

आता प्रकार पाहू. आपल्याकडे बरीच केली जाणारी शस्त्रक्रिया म्हणजे ‘स्लीव्ह’. स्लीव्ह म्हणजे बाही. जठराचा सुमारे तीनचतुर्थांश किंवा थोडा अधिक भाग कापून काढतात. उरते ती बाहीसारखी अरुंद नळी. थोड्याच घासांत पोट भरते. शिवाय भूक चेतवणारा एक रस मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होतो, त्यामुळे भूकही मंदावते. पण काढलेला भाग परत बसवता येत नाही, आणि ज्यांना छातीत जळजळ होते त्यांचा त्रास यात वाढू शकतो.

दुसरी ‘बायपास’. गावाबाहेरून वळणरस्ता काढतात तसाच हा प्रकार. जठराच्या वरच्या टोकाशी दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी ठेवून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. बाकीचे जठर आणि आतड्याचा पहिला भाग जागच्या जागी राहतो, पण अन्न तिकडे जात नाही. मधुमेह्यांना याचा विशेष फायदा होतो. कित्येकांची साखर वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत खाली येते. पण लोह, कॅल्शियम आणि बी-१२ जीवनसत्त्व अंगी लागणे कमी होते. याचाच सोपा अवतार म्हणजे ‘मिनी बायपास’. त्यात पिशवी लांबट असते आणि जोड एकच.

जठराला पट्टा बांधण्याची पद्धत आता मागे पडली आहे. तोंडावाटे पोटात फुगा सोडतात, तो बहुधा सहा महिन्यांपुरता असतो. चरबी ओढून काढणे, ज्याला लायपोसक्शन म्हणतात, तो अंगाचा आकार सुधारण्याचा प्रकार; लठ्ठपणाचा इलाज नव्हे. जाहिरात वाचताना एवढा फरक ध्यानात ठेवावा.

ही शस्त्रक्रिया कोणी करून घ्यावी? २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे ३५ च्या पुढे कोणालाही तिचा सल्ला देता येतो, आणि आशियाई माणसांच्या बाबतीत २७.५ पासूनच तिचा विचार करावा असे म्हटले आहे. विमा कंपन्यांची अट मात्र कडक. वय १८ च्या वर, भागाकार ४० किंवा त्याहून अधिक, नाहीतर ३५ आणि सोबत हृदयविकार, आटोक्यात नसलेला मधुमेह यांसारखा गंभीर आजार. शिवाय इतर उपाय करून झालेले असले पाहिजेत. म्हणजे डॉक्टर हो म्हणतील आणि विमा नाही म्हणेल, असे घडू शकते. खर्चाला हात घालण्यापूर्वी विम्याचे कागद वाचून घ्यावेत.

फायदा किती? वर्ष-दीड वर्षात वजनाचा साधारण चौथा हिस्सा किंवा थोडा जास्त उतरतो. पुढे त्यातले थोडे परत येऊ शकते. स्वीडनमध्ये सुमारे दोन हजार शस्त्रक्रिया झालेले रुग्ण आणि तितकेच न झालेले यांची वर्षानुवर्षे तुलना केली गेली. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण जवळजवळ चौथ्या हिश्श्याने कमी दिसले. हा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला.

आणि धोका? रक्तस्राव, शिवलेल्या जागी गळती, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या हे धोके आहेत. २००९ सालच्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत महिन्याभरात हजारी तीन रुग्ण दगावले होते. प्रमाण थोडे आहे. पण ज्याच्या घरी घडते त्याला ते थोडे नसते. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, काही महिने केस गळतात, हेही सांगून ठेवले पाहिजे.

२०२५ पासून वजन उतरविणारी नवी इंजेक्शने आपल्या बाजारात आली आहेत. ती प्रभावी आहेत, पण सुरुवातीला महाग होती. आणि थांबवली की वजन बहुधा परत चढते. तीही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची.

श्रोतेहो, मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पुढचे. शस्त्रक्रियेला दोन-तीन तास लागतात, पण पथ्य जन्माचे असते. सुरुवातीचे काही आठवडे पातळ आणि मऊ अन्न. पुढे भाकरी खाता येते, पण लहान घास, नीट चावून, सावकाश. जेवताना पाणी प्यावयाचे नाही. पानात आधी डाळ, उसळ, अंडे, पनीर, भात नंतर. जीवनसत्त्वाच्या गोळ्या कायमच्या, आणि रक्ताची तपासणी ठरलेल्या वेळी. तंबाखू आणि दारू वर्ज्यच म्हणा. स्त्रियांनी वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी. लग्न ठरायचे आहे म्हणून मुलीला घाईने दवाखान्यात नेणाऱ्या आईबापांनी हे शांतपणे ऐकावे. प्रकृतीला गरज असेल तर शस्त्रक्रिया करावी. पाहुण्यांना दाखवण्यासाठी करू नये.

खेड्यातल्या माणसाने तर आधीच विचारावे : दर तपासणीला शहरात यावयाला जमेल का? गोळ्यांचा खर्च पुढील वीस वर्षे झेपेल का? एकाएकी पोटात दुखू लागले तर रात्री कोठे जावयाचे? या शल्यविशारदांनी अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, आणि आहार सांगणारी व्यक्ती रुग्णालयात आहे का? हे विचारायला संकोच वाटू नये. जो डॉक्टर शांतपणे उत्तरे देतो तो आपला.

आणि घरच्यांनीही एक गोष्ट सोडावी : आग्रह. ‘एवढी एक जिलेबी घ्याच, माझी शपथ आहे’ हे आपल्या पंगतीतले प्रेम. पण बायपास झालेल्याला ती गोड जिलेबी चक्कर, घाम आणि पोटदुखी देऊन जाते. त्याच्या पानात एकच पोळी पाहून ‘काय हे, आजाऱ्यासारखं!’ म्हणू नये. शाळेत शिक्षकांनी कोणा मुलाला ‘जाड्या’ म्हणू देऊ नये. तेच मूल पुढे वजन लपवते, डॉक्टरकडे जाण्याचे टाळते, आणि जाते तेव्हा मधुमेह घेऊन जाते. शस्त्रक्रिया एकट्याच्या पोटावर होते. ती टिकवायला मात्र सगळे घर लागते.