शितावरून भाताची परीक्षा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला दहा मिनिटे दिली आहेत आणि विषय दिला आहे 'माझे काम'. सकाळपासून जो भेटतोय तो विचारतोय, "तू हल्ली काय करतेस?" मी सांगते, सॉफ्टवेअर. त्यावर "अच्छा, कॉम्प्युटर!" म्हणून विषय संपतो. कॉम्प्युटर आता किराणा दुकानातही आहे. म्हणून आज जरा नीट सांगते.

जमिनीखाली खनिज आहे का, किती आहे, काढण्याजोगे आहे का, हे ठरवण्यासाठी दगडांचे नमुने काढतात. त्या नमुन्यांची नोंद आणि हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर आमची टीम बनवते. मी स्वतः हातोडी घेऊन डोंगरावर जात नाही. जे जातात त्यांनी आणलेले आकडे माझ्यापर्यंत येतात. आज त्यातल्या एकाच खनिजाबद्दल बोलते, फॉस्फेटबद्दल.

आपल्यातल्या निम्म्यांच्या घरी शेती आहे, त्यामुळे खताचे पोते सगळ्यांनी पाहिलेले आहे. त्यावर १०:२६:२६ असे आकडे असतात. पहिला नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा. नत्र कारखान्यात हवेतून मिळवता येते. स्फुरदाचे तसे नाही. ते दगडातूनच काढावे लागते. आपल्या देशात असा दगड कमी आहे, म्हणून मोरोक्को, जॉर्डन अशा देशांतून तो जहाजाने आणावा लागतो. कोकणातल्या भाताला आणि विदर्भातल्या कापसाला लागणारे स्फुरद अशा लांबच्या डोंगरांतून येते.

देशातला जो मोठा साठा आहे, तो राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा इथे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तो १९६८ मध्ये शोधला. हरितक्रांतीचे दिवस होते, खताची निकड होती. हा फॉस्फेटचा थर सुमारे १६ किलोमीटर लांब पसरलेला आहे. दीड अब्ज वर्षांहून जुन्या उथळ समुद्रात सूक्ष्मजीवांनी थरावर थर चढवून छोटे छोटे खांब उभारले. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. झामरकोटड्याचा फॉस्फेट मुख्यतः या निळसर-करड्या खांबांमध्ये आहे. खांबांच्या मधल्या जागेत डोलोमाइट, म्हणजे चुनखडीच्या जातीचा दगड.

आता समजा तुम्हाला तिथे पाठवले आणि सांगितले, नमुना आणा. तुम्ही काय उचलाल? साहजिकच तो छान निळसर खांब. प्रयोगशाळा सांगेल, उत्तम फॉस्फेट! शेजारच्याने मधला पांढुरका दगड उचलला असेल, तर त्याचा अहवाल सांगेल, इथे फारसे काही नाही. एकाच वीतभर जागेतले दोन नमुने, दोन्ही खरे, आणि दोघांचा निष्कर्ष चुकीचा.

आपल्याकडे म्हणतात, शितावरून भाताची परीक्षा. भाताच्या बाबतीत ते बरोबरच आहे. एका पातेल्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर सगळी शिते शिजलेली असतात. डोंगर मात्र कोणी ढवळलेला नसतो. इथले शीत वेगळे, तिथले वेगळे, खालचे आणखी वेगळे. झामरकोटड्यालाच पाहा. वरच्या भागात पावसापाण्याने डोलोमाइट विरघळून गेले आणि मागे ३० टक्क्यांहून जास्त फॉस्फरस पेंटॉक्साइड असलेला सरस दगड उरला. खोल गेल्यावर मोठा भाग निघतो तो १६-१७ टक्क्यांचा, जो दळून, पाण्यात फेसाळून, डोलोमाइट वेगळे केल्याशिवाय खताच्या कामाचा नाही. नुसते वरचे दगड तपासून कोणी साठ्याची किंमत ठरवली असती, तर ती फारच फुगली असती.

म्हणून शोधाची एक रीत आहे. आधी पृष्ठभागावर थर कुठे दिसतो ते नकाशावर मांडतात. शंका आली की दगडावर अमोनियम मॉलिब्डेट आणि नायट्रिक ॲसिडचा थेंब टाकतात. पिवळा रंग आला तर फॉस्फेट आहे. पण हे फक्त आहे की नाही यापुरते. मग थराला आडवे चर खणतात आणि चराच्या भिंतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या रुंदीची, सारख्या खोलीची पट्टी खरवडून घेतात. चांगला दिसतो तिथे जास्त आणि वाईट दिसतो तिथे कमी, असे चालत नाही. डोळ्याला आवडलेले उचलायचे नाही, हा यातला पहिला नियम.

त्यानंतर बोअर. आपल्या शेतात पाण्यासाठी बोअर मारतो तेव्हा दगडाचा भुगा होऊन वर येतो. इथे हिऱ्याचे तुकडे बसवलेल्या पोकळ नळीने कापत जातात आणि दगडाची लांब कांडी अखंड वर काढतात. तिला कोअर म्हणतात. कांडी उभी चिरून अर्धी पेटीत जपून ठेवतात, अर्धी प्रयोगशाळेला पाठवतात. उद्या कोणी संशय घेतला तर उरलेली अर्धी साक्षीला हजर!

प्रयोगशाळेत त्या कांडीचा चुरा करतात, ढीग रचतात, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवतात, दोन टाकतात. पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. मीटरभर अर्ध्या कांडीचा दगड अडीच किलोच्या आसपास असतो, शेवटी यंत्रात जाते ती काही ग्रॅम पूड.

मी एकदा सहज हिशेब केला. १०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद चौकोनामागे एक बोअर आणि कांडीचा व्यास ४८ मिलिमीटर असे धरले, तर त्या चौकोनाच्या सुमारे ५५ लाख भागांपैकी एक भाग आपल्या हातात येतो. एवढ्यावर कोट्यवधी रुपयांची खाण काढायची की नाही, रस्ता कुठून न्यायचा, कोणाची जमीन घ्यायची, हे ठरते.

म्हणून पडताळणी कडक असते. नमुन्यांच्या रांगेत मुद्दाम काही खोटे नमुने घुसवतात. एखादा साधा दगड, ज्यात फॉस्फेट नाही हे आपल्याला माहीत आहे. एखादी पूड, जिचे उत्तर आधीच ठाऊक आहे. एकाच चुऱ्याच्या दोन पिशव्या, दोन वेगळ्या क्रमांकांनी. प्रयोगशाळेला यातले काही सांगत नाहीत. आपल्या बोर्डाच्या पेपरांना मॉडरेटर असायचा ना, तसेच हे. या खुणेच्या नमुन्यांची उत्तरे चुकली, तर आमचे सॉफ्टवेअर ती सगळी तुकडी परत पाठवते. बाई, तुम्ही वह्या परत पाठवायच्या तशी!

पण मला सर्वांत जास्त शिकवले ते रिकाम्या जागांनी. दगड मऊ असेल तर कापताना तो पाण्याबरोबर वाहून जातो आणि नळीतून कांडी येतच नाही. नोंदीत त्या मीटरपुढे आकडा नसतो. काही वर्षांपूर्वी एका परदेशी प्रकल्पाची माहिती आमच्याकडे आली, तेव्हा तिच्यात अशा पुष्कळ जागा होत्या. त्यांच्या माणसाचे म्हणणे, "वरच्या आणि खालच्या थराची सरासरी भरून टाका, नकाशा स्वच्छ दिसेल." दुसऱ्याचे म्हणणे, "शून्य धरा." आमच्या टीमने दोन्हीला नकार दिला. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे आणि सरासरीही नव्हे. तिथे काय आहे हे आपल्याला माहीत नाही, एवढाच तिचा अर्थ. आम्ही त्या जागा नकाशावर तिरक्या रेघांनी दाखवल्या. नकाशा कुरूप दिसला आणि बैठकीत सगळ्यांचे लक्ष नेमके त्या रेघांकडेच गेले. शेवटी त्यांनी त्या पट्ट्यात पुन्हा बोअर घेतले. काही ठिकाणी वरखालच्यापेक्षा जास्त फॉस्फेट निघाला, काही ठिकाणी निव्वळ चिकणमाती. सरासरीच्या जवळ फारच थोडे निघाले.

रिकाम्या जागा झाकल्या की काय होते, याचे फॉस्फेटच्या इतिहासातले एक मोठे उदाहरण प्रशांत महासागरातले आहे. १८९९ मध्ये सिडनीच्या एका व्यापारी कंपनीच्या कचेरीत एक दगड दार बंद होऊ नये म्हणून टेकू लावलेला होता. तो नाउरू बेटावरून आलेला. अल्बर्ट एलिस नावाच्या तरुण कर्मचाऱ्याला शंका आली, त्याने तुकडा तपासला, तर अव्वल दर्जाचे फॉस्फेट! नाउरूसारखेच बनाबा हे बेट असणार, असा त्याचा अंदाज होता. ३ मे १९०० रोजी तो बनाबाला उतरला. अंदाज खरा निघाला. शोधक म्हणून त्याचे कौतुकच वाटते. पण लगेच बेटावरच्या लोकांशी एक करार झाला. बेटावरचे सगळे फॉस्फेट काढण्याचा हक्क, ९९९ वर्षांसाठी, वर्षाला ५० पौंडांत.

बनाबा म्हणजे जेमतेम सहा चौरस किलोमीटरचे बेट. तिथे नदी नाही. दुष्काळात जमिनीखालच्या गुहांमध्ये साठलेले पाणी बायका भरून आणत. दगडात फॉस्फेट किती टक्के, हे चोख मोजले गेले. गुहा किती, पाणी किती, नारळाची झाडे कोणाची, माती गेल्यावर माणसे कुठे जातील, याची नोंद त्या हिशेबात नव्हती. ती जागा रिकामी होती आणि ती शून्य धरली गेली. खाण १९७९ पर्यंत चालली, बेटाचा बहुतेक पृष्ठभाग खरवडला गेला. १९४५ च्या डिसेंबरात तिथल्या लोकांना हजारो किलोमीटर दूर, फिजीतल्या राबी बेटावर नेऊन वसवले. नाउरूने पुढे ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले आणि १९९३ मध्ये १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड झाली. पैसे मिळाले, पण बेटाच्या मधल्या पठारावर आजही प्रवाळाचे सुळके उभे आहेत.

त्या फॉस्फेटवर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची कुरणे हिरवी झाली, हेही खरे. खताशिवाय आपलेही भागत नाही. खाणीच काढू नका, असे मी म्हणत नाही. म्हणणे एवढेच की, नमुना घेणाऱ्याने काय मोजले याच्या शेजारी काय मोजले नाही हेही लिहावे आणि ते मोठ्या अक्षरांत लिहावे.

आता आजच्या दिवसाकडे येते. सकाळपासून भाषणांत ऐकतेय, आपल्या बॅचने नाव काढले. डॉक्टर आहेत, फौजदार आहेत, दोन सरपंच आहेत, अमेरिकेतून व्हिडिओवर बोललेली मंडळी आहेत. अभिमान वाटतोच. पण माझ्या धंद्याची खोड अशी की मला लगेच प्रश्न पडतो, हा नमुना कोणी निवडला? आपल्या दहावीच्या हजेरीपटावर ६४ नावे होती. आज आलो ३९. चौदा जणांनी न येण्याचे कारण कळवले आहे. उरलेल्या ११ नावांपुढे या स्मरणिकेच्या यादीत पत्ता नाही, फोन नाही, काहीच नाही. त्या ११ पैकी सात मुली आहेत. काहींची लग्ने दहावीच्या निकालाआधीच ठरली होती, हे आपल्या सगळ्यांना आठवते.

मेळाव्याला कोण येतो? ज्याला सांगण्यासारखे काही आहे आणि ज्याला घरातून निघता येते, तो. म्हणजे आपण निळसर खांब उचलून आणले आहेत. त्यावरून 'आपल्या बॅचचे बरे झाले' असे लिहिले, तर तो वर पडलेल्या दगडावरून काढलेला साठ्याचा अंदाज होईल.

समितीचा विचार होता की ती ११ नावे यादीतून वगळावीत, पान नीटनेटके दिसेल. मी विनंती केली आणि समितीने मोठ्या मनाने ती मान्य केली. नावे छापली आहेत, पुढची जागा कोरी आहे. कोणी माहेरच्या गावी चौकशी करू शकेल, कोणी जुन्या शेजाऱ्यांना विचारू शकेल. सर, बाई, तुमच्यापैकी कोणाला काही आठवत असेल तर तेही सांगा. सापडल्यावर ते खुशाल असतील, नसतीलही. आपण अंदाज बांधायला नको.

दोन नावे मी घेतली आहेत. नऊ उरली आहेत. यादी जेवणाच्या मंडपात, पाण्याच्या पिंपाशेजारच्या टेबलावर ठेवली आहे. पेनही ठेवले आहे.