गरोदरपण आणि ‘एवढ्याशाने काय होतंय?’



गरोदरपणात दारू नको, हा विषय काढला की जबलपूरच्या आपल्या मराठी घरांत पहिला प्रश्न येतो, ‘आपल्याकडे बायका कुठे पितात?’ पण शेजारच्या मंडला-दिंडोरीत गोंड, बैगा घरांमध्ये मोहाची दारू पूजेत आणि लग्नकार्यात असतेच. शहरात पार्टीतली वाइन असते. आणि आपल्या कपाटात सर्दीसाठी ठेवलेली ब्रँडीची बाटलीही असते. तिन्हींतलं अल्कोहोल एकच.

आईने घेतलेलं अल्कोहोल वारेतून बाळाच्या रक्तात जातं. बाळाचं यकृत अजून तयार होत असतं, त्याला ते पचवता येत नाही. मेंदूची घडण नऊही महिने चालू असते, म्हणून ‘आता चालेल’ असा एकही महिना नाही. वजन कमी भरणं, पुढे शिकण्यात, लक्ष देण्यात, आठवण राहण्यात अडचणी येणं, हे परिणाम जन्मभर राहू शकतात. १९७३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी या आजाराला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव दिलं. किती दारू सुरक्षित, याचा आकडा आजवर कुणाला सापडलेला नाही. म्हणून सल्ला सरळ आहे: अजिबात नको.

आपल्याकडच्या बाटलीवर दारू आरोग्याला घातक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका, असा इशारा असतो. त्यात गर्भवतीचा उल्लेख नाही. म्हणून हे घरातल्यांनी आणि डॉक्टरांनीच सांगायला हवं.

दिवस गेल्याचं कळण्याआधी घेतली असेल तर? घाबरू नका, लपवू नका. आजपासून थांबा; जेव्हा थांबाल तेव्हापासून बाळाचा फायदाच आहे. मात्र रोज भरपूर पिण्याची सवय असेल तर एकदम स्वतःहून बंद करू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते, तिथे मोकळेपणाने सांगा.

आणि घरच्यांनो, सुनेला रागावलात तर ती डॉक्टरांपासूनही लपवेल. त्यापेक्षा नवऱ्याने हे नऊ महिने घरात बाटली आणूच नये. तिला आग्रह करणाऱ्यांना ‘नको’ म्हणणं हेही त्याचंच काम.