नाव, रथ आणि दह्याचे भांडे



‘माणूस म्हणजे कोण?’ ह्या विषयावर मी चार शब्द बोलावे अशी कार्यवाहबाईंची आज्ञा झाली, तेव्हा मला हसूच आले. एवढा मोठा विषय आणि बोलणारी मी! पण ‘मिलिंदप्रश्न’ ह्या जुन्या पाली ग्रंथातल्या गोष्टी वाचल्या आणि वाटले, ह्यांतल्या काही तर आपल्या स्वयंपाकघरातल्याच आहेत.

मिलिंद हा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा. सागल ही त्याची राजधानी आणि वादविवादाची भारी हौस. डॉ. आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, जे महाविद्यालय काढले त्याला पुढे ह्याच मिलिंदाचे नाव मिळाले आणि त्या परिसराला नागसेनवन म्हणू लागले. नागसेन म्हणजे राजाला उत्तरे देणारे भिक्षू.

राजाने त्यांना नाव विचारले. ते म्हणाले, नागसेन म्हणतात खरे, पण ते हाक मारण्यापुरते. आत त्या नावाची निराळी व्यक्ती सापडायची नाही. मग हे चीवर नेसते कोण, भिक्षा खाते कोण, असे राजाने विचारले. नागसेनांनी त्याच्याच रथाकडे बोट दाखवले. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू? एकही नाही. सगळे जुळून आले म्हणजे आपण त्याला रथ म्हणतो. माणसाचेही तसेच.

पंडितांना हे कठीण वाटो, आपल्याला वाटू नये. आपल्यापैकी कितीजणींचे नवे नाव लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिले गेले! इतकी वर्षे ज्या नावाला ओ दिली ते एका संध्याकाळीत माहेरी राहिले. भाकरी थापणारा हात मात्र तोच.

पण नाव खरे नाही आणि माणूस रोज बदलतो, तर काल केलेल्याचा जाब कोणी द्यायचा? ह्यावर नागसेनांनी दुधाचा दाखला दिला आहे. गवळ्याकडे कोणी दुधाचे भांडे विकत घेऊन ठेवले आणि दुसऱ्या दिवशी त्याचे दही झाले, तर ते दही त्याचेच. दही म्हणजे दूध नव्हे, पण दुधावाचून ते आले नाही. तेच नव्हे आणि दुसरेही नव्हे.

त्याच ओळीत त्यांनी आणखी एक दाखला दिला आहे. एकाने लहान मुलीसाठी पैसे मोजून ठेवले; ती मोठी झाल्यावर दुसऱ्याने पैसे देऊन तिला नेले. ती लहान मुलगी निराळी, ही निराळी, असे दुसरा म्हणाला. राजाने कौल पहिल्याला दिला. इथे मात्र माझे दोघांशीही पटत नाही. दुधाचे दही होताना दुधाला काही विचारायचे नसते. मुलगी मोठी होते म्हणजे तिला स्वतःचे हो आणि नाही येते. ते तिला कोणीच विचारले नाही. त्या काळची चाल तशी होती हे खरे, पण माणूस कोण हे ठरवायला बसलेल्यांनी तरी विचारायला हवे होते.

तरी दह्याचा दाखला मी सोडणार नाही. आपल्या आळीत अशा वृद्ध बाया आहेत, ज्यांना पोटची लेक ओळखू येत नाही. जेवण झाले की पुन्हा ताट मागतात. येणारीजाणारी त्यांच्या देखत म्हणते, ‘आता ह्यांच्यात काही राहिले नाही हो.’ रथाचे एकेक अंग सुटत चालले आहे, हे कबूल. पण दह्याला दुधाची आठवण नसते, म्हणून ते परक्या घरचे होते का? त्यांना त्यांच्या नावाने हाक मारावी. दोन्ही नावांनी मारून पाहावी. कधी कधी सासरचे पुसले जाते आणि माहेरचे उरते.

नागसेनांनी राजाला एक अट घातली होती. वाद पंडितांसारखा करणार असाल तर बोलेन, राजांसारखा असेल तर नाही. कारण पंडित चुकला तर रागावत नाही आणि राजा विरुद्ध बोलणाऱ्याला दंड करतो. चहाला अजून अवकाश आहे. त्या मुलीविषयी माझे म्हणणे ज्यांना पटले नसेल त्यांनी पुढे येऊन बोलावे.