कॅसेट गावात, सर्व्हर मुंबईत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेले दोन मुद्दे छापताना घातले आहेत.)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'मुलं आणि मोबाइल'. त्या विषयावरचं भाषण इथे बसलेल्या प्रत्येक आईबापाकडे तयार आहे, माझी गरज नाही. मी त्यातला एकच कोपरा घेतला आहे, व्हिडिओ गेमचा. सर, तुम्ही हसलात तरी चालेल. या विषयात मला जे दिसतं ते उद्या आपल्या फोटोंना, पुस्तकांना आणि सातबाऱ्यालाही लागू होणार आहे, म्हणून तो निवडला.

आपण शाळेत होतो तेव्हा पिंपळगावात व्हिडिओ गेम आला तो आपल्याच वर्गातल्या एकाच्या घरी. नाव घेत नाही, तो मागच्या रांगेत बसून मान खाली घालतो आहे. त्याच्या मामांनी औरंगाबादहून आणला होता. टीव्हीची अँटेनाची वायर काढायची, यंत्राची लावायची, आणि चॅनेलची चकती फिरवत बसायचं, मुंग्यांमधून चित्र उमटेपर्यंत. रिमोट दोन, पोरं पंधरा. आम्हा मुलींचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि नेमका आमचा नंबर आला की लाइट जायची. त्या गेममध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. लाइट आली की पहिल्यापासून सुरू. त्याची आजी आतून ओरडायची, "काय खेळायलेत गं सकाळधरनं, डोळे फुटतील की!"

ते यंत्र म्हणजे जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या 'फॅमिली कॉम्प्युटर'ची नक्कल होती. मूळ यंत्र १५ जुलै १९८३ ला जपानमध्ये विक्रीला आलं. आपल्याकडे त्याचे अवतार सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी पोचले. कॅसेटही नकलीच. वर छापलेलं असायचं '९९९९९९ गेम', आणि आत हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. बाकी तेच गेम वेगळ्या नावाने परत परत. कायद्याने पाहिलं तर सगळा चोरीचा मामला होता, हे आज मान्य करायला हरकत नाही.

कॅसेट चालली नाही की आपण तिच्यात फुंकर मारायचो. त्याने काहीही होत नव्हतं, उलट तोंडातल्या ओलाव्याने आतल्या पट्ट्या गंजायच्या. कॅसेट काढून परत बसवली की पट्ट्यांची पकड नीट बसायची, म्हणून गेम चालायचा. श्रेय मात्र फुंकरीला. माझ्या ऑफिसात कॉम्प्युटर बंद करून परत चालू करणारे इंजिनिअरही याच संप्रदायातले.

त्या कॅसेटचा एक गुण मला तेव्हा कळला नव्हता. ती वस्तू होती. ती आपल्या दोस्ताने घनसावंगीच्या आतेभावाला दिली, बदल्यात तिकडची एक इकडे आली. एस.टी.तून, डब्याच्या पिशवीतून. कुणाला विचारावं लागलं नाही, कुठे नाव नोंदवावं लागलं नाही. जिच्यात त्या कॅसेटची खाच होती अशा कुठल्याही यंत्रात ती चालायची. ज्या दुकानात ती घेतली ते बंद पडलं तरी चालायची. कंपनीला पिंपळगाव नावाचं गाव आहे हे माहीतही नव्हतं, तरी चालायची.

त्यातला मारिओ आठवतो? १९८५ सालचा तो अख्खा गेम ४० किलोबाइटचा होता. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी जो सुप्रभातचा फुलांचा फोटो येतो, त्या एका फोटोत असे दोन-तीन मारिओ सहज बसतील. आज प्लेस्टेशनवरचा मोठा गेम १०० जीबीपर्यंत जातो, म्हणजे २५ लाख मारिओ. मधल्या काळात कॅसेट गेली, सीडी आली, मग डीव्हीडी, मग ब्लू-रे. आता चकतीही निघून चालली आहे. प्लेस्टेशन ५ ची एक आवृत्ती चकतीच्या खाचेशिवायच निघाली. ५ जून २०२५ ला आलेल्या निन्टेंडो स्विच २ मध्ये तर गंमत आहे: काही गेमचं कार्ड दुकानात मिळतं, पण त्यात गेमच नसतो. असते फक्त किल्ली. कार्ड घाला, मग गेम इंटरनेटवरून उतरवा.

आता हिशेब आपल्या गावचा करा. दिवसाला २ जीबीचा पॅक असेल तर १०० जीबी उतरायला ५० दिवस लागतील, तेही घरात बाकी कुणी फोनला हात लावला नाही तर. आणि तो उतरवलेला गेम आतेभावाला देता येत नाही. कारण पैसे भरूनही तो आपण विकत घेतलेला नसतो. 'आय अ‍ॅग्री' म्हणून आपण न वाचता जे बटण दाबतो, त्याच्या वरच्या मजकुरात लिहिलेलं असतं की तुम्हाला वापरायची परवानगी दिली आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू केला, की अशा मालावर 'खरेदी करा' असं लिहायचं असेल, तर ही फक्त परवानगी आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. शेतीच्या भाषेत बोलायचं तर आपण खरेदीखत समजून पैसे मोजतो आणि हातात येतं ते ठोक्याचं कागद.

याहून मोठा बदल ऑनलाइन खेळण्याचा. मागच्या उन्हाळ्यात मी गावी आले होते. देवळाच्या पारावर दोन पोरं शेजारी शेजारी बसून एकमेकांशी गेम खेळत होती. एकाने गोळी झाडली की दुसरा ओरडायचा. मी त्यांना विचारलं, "ही गोळी कुठून गेली रे?" ती माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली. मी सर्व्हरचंच काम करते, म्हणून सांगते. ती गोळी पारावरून टॉवरला गेली, तिथून मुंबईच्या किंवा सिंगापूरच्या सर्व्हरवर, तिथे 'लागली की नाही' याचा निवाडा झाला, आणि निकाल परत पारावर आला. मुंबई ते सिंगापूर सुमारे ३९०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला जवळपास दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन यायलाच किमान ४० मिलिसेकंद. पोरं ज्याला 'पिंग वाढलं' म्हणतात ते हेच. मांडीला मांडी लावून बसलेल्या दोघांमध्ये हजारो किलोमीटरचा वळसा आहे, आणि तो वळसा ज्याच्या हातात आहे त्याने बटण बंद केलं तर दोघं शेजारी असूनही खेळू शकत नाहीत.

असं बटण बंद झालेलं आपण पाहिलं आहे. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने पब्जी मोबाइलवर बंदी घातली, ३० ऑक्टोबरला तो गेम भारतात पूर्ण थांबला. २ जुलै २०२१ ला बीजीएमआय नावाने नवा अवतार आला, २८ जुलै २०२२ ला तोही दुकानांतून काढला गेला, मे २०२३ मध्ये परत आला. बंदी बरोबर की चूक हा माझा आजचा विषय नाही, सुरक्षेची कारणं सरकारने सांगितली होती. मला एवढंच दिसतं, की लाखो पोरांच्या हातातला खेळ त्यांच्या हातात नव्हताच.

दुसरं उदाहरण सरकारचं नाही, कंपनीचं. युबिसॉफ्टचा 'द क्रू' नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता, २०१४ चा. त्यात एकट्याने खेळायचं म्हटलं तरी सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केला. ज्यांच्या कपाटात त्याची चकती होती त्यांच्याकडे आता चकाकणारी एक ताटली उरली. त्यावरून 'स्टॉप किलिंग गेम्स' नावाची चळवळ उभी राहिली आणि युरोपात त्यांच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. मागणी साधी आहे: सर्व्हर बंद करा, पण जाताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा.

मी दुसऱ्या बाजूलाही बसलेली आहे. माझं काम गेमचं नाही, पैशांच्या व्यवहारांच्या सॉफ्टवेअरचं आहे, पण एखादी जुनी सेवा बंद करायची का, या बैठका सगळीकडे सारख्याच. पडद्यावर एक आलेख असतो, वापरणारे उतरत चाललेले, खर्च तेवढाच. सर्व्हरचं भाडं असतं, दर महिन्याला सुरक्षेची ठिगळं लावावी लागतात, ज्यांनी ते लिहिलं ती माणसं नोकरी सोडून गेलेली असतात. गेममध्ये तर गाड्यांच्या कंपन्यांचे, गाण्यांचे करार संपतात. कायम चालू ठेवा असं म्हणणं मला इंजिनिअर म्हणून पटत नाही. पण बंद करण्याची तयारी पहिल्या दिवसापासून करता येते, सर्व्हरशिवाय चालणारा छोटा रस्ता ठेवता येतो. तो ठेवत नाहीत कारण कुणी मागत नाही. आणि मागणारा ग्राहक चौदा वर्षांचा असतो.

फक्त चौदा वर्षांचाच, असंही नाही म्हणा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये माझी आई इथे पिंपळगावात, मावशी परभणीला, मी पुण्यात, भाऊ नाशिकला. रोज रात्री नऊला चौघांचा लुडो. लुडो किंग हा गेम नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये काढलेला. आई फासा पडला की फोनला कपाळ टेकवायची. तिने कधी पत्त्यांचा डावही खेळला नव्हता, पण मावशीची सोंगटी मारताना तिला होणारा आनंद मी आयुष्यात दुसऱ्या कशात पाहिला नाही. मावशी पुढच्या वर्षी गेली. आईच्या फोनवर अजून मावशीचं नाव आणि तो जास्वंदीचा फोटो मित्रांच्या यादीत दिसतो. ती यादी उघडून आई कधीकधी नुसती बसते. ती यादी फोनमध्ये नाही, कुठल्यातरी सर्व्हरवर आहे, हे मी तिला सांगितलेलं नाही. आम्ही मात्र त्या पानाचा फोटो काढून, छापून, घरात ठेवला आहे.

ऑनलाइन रमीबद्दल दोन शब्द, कारण आपल्या भागात त्यापायी कुणाचं काय गेलं हे इथे बसलेल्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. चावडीवर पत्ते पिसणारा निदान डोळ्यांपुढे असतो. तिथे पिसणाराही सर्व्हरच आणि समोरचा खेळाडू माणूस आहे की नाही हेही तुम्हाला कळत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि साधे खेळ वेगळे काढले आहेत. पोराच्या हातात फोन दिसला की सगळं एकच समजून ओरडू नका, आधी विचारा की यात पैसे लागतात का.

आता आपल्या लोकांनी केलेले गेम. हैदराबादच्या एका कंपनीने २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी हनुमानावरचा गेम काढला होता. खेळ म्हणून यथातथाच, पण चकतीवर होता. चकती आणि यंत्र सापडलं तर आजही चालेल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' काढला, तो मात्र सुरेख आहे. राजी ही डोंबाऱ्याच्या खेळातल्यासारखी चपळ मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते, हातात दुर्गेने दिलेला त्रिशूळ. माझ्या मुलीने तो दोनदा पूर्ण केला. पन्नास वर्षांनी तो कुणाला खेळता येईल का? अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजणी केली: २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात सरळ मार्गाने मिळत नाहीत. तिथे मोजणारं कुणीतरी आहे. आपल्याकडे सिनेमासाठी पुण्याला १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तरी 'आलम आरा'ची एक प्रत उरली नाही.

जांब समर्थ आपल्या शेजारी. समर्थांचं वाङ्मय आज आपल्यापर्यंत आलं ते मठामठांत शिष्यांनी हाताने नकला उतरवल्या म्हणून. एका मठातली पोथी वाळवीने खाल्ली तरी दुसऱ्यात होती. नानासाहेब देवांनी गावोगाव हिंडून ती बाडं जमवली, ती धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. गेमची तुलना दासबोधाशी करते आहे असं समजून कुणी रागावू नका. मी टिकण्याच्या पद्धतीबद्दल बोलते आहे. ज्याच्या नकला चार ठिकाणी आहेत ते टिकतं, ज्याची एकच प्रत एकाच मालकाकडे आहे ते मालकाच्या मर्जीवर. आपल्या त्या चोरीच्या कॅसेटांनी तेवढं एक काम नकळत केलं.

म्हणून एक विनंती आहे, मुख्याध्यापक सरांशी बोलूनच करते आहे. शाळेच्या संगणक खोलीत एक कपाट रिकामं आहे. ज्यांच्या माळ्यावर, पेटीत, कोठीत जुना व्हिडिओ गेम, कॅसेट, सीडी, गेम असलेला बटणाचा जुना फोन पडला असेल, त्यांनी तो भंगारवाल्याला न देता शाळेत आणून द्यावा. बंद असला तरी चालेल, दुरुस्त करायला मी आणि आपल्या वर्गातला तो रेडिओवाला समर्थ आहोत. जुना डबा टीव्ही कुणाकडे असेल तर तोही हवा, नव्या टीव्हीवर ती यंत्रं धड चालत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत मी चार दिवस इथेच आहे. मागच्या रांगेतल्या महाशयांनी तर आजच यादीत पहिलं नाव घालावं. त्यांच्या माळ्यावर ते यंत्र अजून आहे, मला त्यांच्या बायकोने फोनवर सांगितलं आहे.