नावड कॉफीची की शिळ्या पुडीची?

हदगावच्या बसस्थानकापासून तामशाच्या बाजारापर्यंत चहा मिळत नाही अशी जागा शोधूनच काढावी लागेल. कॉफी मागितली तर बहुतेक ठिकाणी गरम दुधात झटपट पुडी आणि सढळ हाताने साखर घालून फेटलेला फेसाळ पेला समोर येतो. घरी कॉफी होते ती उपासाला, नाहीतर पाहुण्यांसाठी, जायफळ-वेलची घालून. आणि जायफळाच्या वासापुढे कॉफीचा वास तो किती टिकणार! त्यामुळे साठी गाठलेला माणूस ‘आपल्याला बुवा कॉफी आवडत नाही’ असं छातीठोकपणे सांगतो. मात्र मुलाकडे बंगळूरला महिनाभर राहून आला की तोच सकाळी फिल्टर कॉफी मागू लागतो. लोक हसतात, म्हातारपणी शौक सुचला म्हणतात. माझ्या मते यात शौक वगैरे काही नाही. या माणसाची चव बदललेली नसते. खरी कॉफी त्याच्या पुढ्यात पहिल्यांदाच आलेली असते.

ती आधी का आली नाही, याला कारणं आहेत. देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते, चिकमगळूर आणि कोडगूच्या डोंगरांत. महाराष्ट्रात नाव घ्यायचं ते मेळघाटातल्या चिखलदऱ्याचं, आणि तिथलं पीकही थोडंच. शिवाय 1942 च्या कायद्यानंतर मळेवाल्यांना आपला माल कॉफी बोर्डाच्या साठ्यातच जमा करावा लागे. हे बंधन 1990 च्या दशकात टप्प्याटप्प्याने सैल झालं आणि 1996 मध्ये विक्री पूर्ण मोकळी झाली. आजही आपल्या कॉफीतला मोठा वाटा परदेशी जातो, आणि इटली हे त्यातलं मोठं गिऱ्हाईक. छोट्या गावातल्या दुकानात पोचली ती झटपट कॉफीची बाटली, नाहीतर चिकोरी मिसळलेली पूड. अशा मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी हवी, असा आपला नियम आहे. म्हणजे उरलेली जवळजवळ निम्मी चिकोरी असू शकते. चिकोरी हे भाजलेलं मूळ. ते रंग देतं, कडूपणा देतं, दाटपणाही देतं, पण कॉफीचा गंध त्यात नाही. दक्षिणेत ते आवडीने घालतात, त्याला माझी हरकत नाही. पण पुडीतला निम्मा भाग मुळाचा असताना निकाल मात्र कॉफीवर लागला, हे विसरून चालणार नाही.

दुसरी गोष्ट ताजेपणाची. आपल्या नांदेड-हिंगोली पट्ट्यात हळद पिकवणाऱ्याला घरच्या हळकुंडाची नुकती दळलेली पूड आणि वर्षभर पडून राहिलेलं पाकीट यांतला फरक वासावरूनच कळतो. कॉफीचं तर याहून नाजूक आहे. कच्चा दाणा नीट ठेवला तर महिनोन्‌महिने टिकतो. भाजल्यावर मात्र त्याचा गंध काही आठवड्यांत उतरतो, आणि दळल्यावर त्याहून कितीतरी लवकर. शिळ्या पुडीत उरतो तो कडूपणा. मग तो झाकायला साखर, आणि साखर मुरवायला आणखी दूध, असं चालतं. ताज्या दाण्याच्या कॉफीला थोडासा आंबटपणा असतो, भाजल्या दाण्याचा खमंगपणा असतो आणि घोट संपल्यावरही चव रेंगाळते. ज्याने कारल्याची, मेथीची आवड मोठेपणी कमावली, त्याला हेही जमतं. वयाने जीभ आणि नाक मंदावतात हे खरं, पण म्हणून गोडी लागायची थांबत नाही. उलट लहानपणी नकोसा वाटणारा कडूपणा तेवढा टोचत नाही.

‘चहा आपला, कॉफी परकी’ ही हरकत फारशी टिकत नाही. 1930 च्या दशकात गाड्या फिरवून आणि पेले वाटून हिंदुस्थानला चहाची सवय लावावी लागली होती. उलट कॉफीचे दाणे बाबा बुदन यांनी येमेनहून आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावले अशी परंपरा आहे, आणि ती गोष्ट सतराव्या शतकातली. खर्चाचं म्हणाल तर यंत्र लागत नाही. स्टीलचा साधा फिल्टर पुरतो, आणि पेल्याला दहा ग्रॅम पूड धरली तर पाव किलोत पंचवीस पेले होतात. तब्येतीची हरकत मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. निरोगी प्रौढाला दिवसाकाठी 400 मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 मध्ये सांगितलं. गरोदर बाईसाठी ही मर्यादा 200 आहे. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा संध्याकाळची कॉफी झोप उडवणारच. जेवणाबरोबर घेतली तर अन्नातलं लोह अंगी कमी लागतं, हा दोष चहातही आहे. ज्यांना पित्ताचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

बाकीच्यांनी पाकीट घेताना चिकोरीचं प्रमाण आणि भाजल्याची तारीख आधी वाचावी. तारीख छापलेली नसेल तर ते पाकीट परत करावं. पाणी खळखळ उकळलं की गॅस बंद करून मिनिटभराने ओतावं, आणि पहिला घोट साखर न घालता घ्यावा. आवडली नाही, तर मग खुशाल नावं ठेवा.