मुलाबाळांसह पहिला सागरप्रवास



आमच्या धारगळ गावातील लहान मूल आज विमान चांगले ओळखते. २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ वाहतुकीस खुला झाला आणि आता डोक्यावरून विमान गेले तरी वर्गातील मुले खिडकीकडे मानही वळवीत नाहीत. परंतु याच मुलांना, जहाजात पाऊल कोणी कोणी ठेवले आहे, असे विचारावे, तर क्वचितच एखादा हात वर होतो. वस्तुतः पेडणे तालुक्याला मोरजीपासून तेरेखोलपर्यंत समुद्र लाभलेला आहे, आणि एके काळी मुंबईला जाणे म्हणजे बोटीने जाणे, असाच अर्थ वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात असे.

तो प्रवास हौसेचा नव्हता. पणजीहून सुटलेली आगबोट कोकणची बंदरे घेत मुंबई गाठी. उघड्या डेकवर चटई पसरायची, तिच्यावर मुले, ट्रंका आणि सोलांची पुरचुंडी मांडायची, आणि शेजारच्या अनोळखी कुटुंबाशी रात्र संपण्यापूर्वी घरोबा करून टाकायचा. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. पुढे ती कायमचीच बंद पडली. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे जहाज सुरू झाले, तेव्हा जुन्या प्रवाशांना फार आनंद झाला. पण २०२० मध्ये तेही थांबले. २०२१ पासून ‘एम्प्रेस’ नावाचे अकरा मजली जहाज मुंबईहून सहलीच्या फेऱ्या करू लागले. आता समुद्रावर जायचे ते कुठे पोहोचण्यासाठी नव्हे, तर समुद्रावर असण्यासाठीच. काळाचा महिमा, दुसरे काय!

अशा सहलीस आपल्या दोन लहान मुलांना न्यावे काय, असा प्रश्न गावातील एका तरुण आईने मला विचारला. घरी तिच्या सासूबाईंचा विरोध होता. त्यांचे म्हणणे एका शब्दात संपत असे : ‘रामदास.’ त्यांनी ती बोट पाहिलेली नव्हती. आईच्या तोंडून ऐकलेली होती.

ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही, असे माझे मत आहे. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि भर पावसाळ्यातील त्या समुद्रात मुंबईपासून थोड्याच अंतरावर बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. लाटेच्या तडाख्याने बोट कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूस धावले आणि बोट उलटली. काय करावे हे कोणालाच ठाऊक नव्हते. सासूबाईंना द्यावयाचे उत्तर ‘आता तसे होत नाही’ हे नव्हे. तसे अजूनही होऊ शकते. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे प्रचंड, अद्ययावत जहाज खडकावर आदळले व ३२ माणसे मृत्युमुखी पडली. त्या जहाजावर काही तासांपूर्वीच चढलेल्या शेकडो प्रवाशांची सुरक्षेची कवायत झालीच नव्हती, कारण त्या वेळच्या नियमाप्रमाणे ती चोवीस तासांत केव्हाही घेतली तरी चालत असे. त्यानंतर नियम बदलला. २०१५ पासून अशा जहाजांनी ही कवायत निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच घेतली पाहिजे.

नेमकी हीच कवायत मुलाबाळांचे आईबाप चुकवू पाहतात. मूल रडते आहे, भूक लागली आहे, वरच्या मजल्यावर पोहण्याचा तलाव खुणावतो आहे. मग ‘तुम्ही जा, मी यांना सांभाळते’ असे होते. माझी विनवणी अशी, की बाकी सारी सहल आळसात घालवा, पण हा अर्धा तास सर्वांनी मिळून पाळा. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा, हा संकटाचा इशारा. शाळेच्या घंटेचे टोल ओळखणाऱ्या मुलाला तो घरीच टाळ्या वाजवून शिकवता येतो. आपली जमण्याची जागा कोणती, खोलीपासून तिथवर जिना कुठून जातो, हे मुलांना बरोबर घेऊन एकदा चालून पाहावे. मोठ्यांचे जीवरक्षक जाकीट लहान मुलाच्या अंगावरून निसटते. पंधरा किलोपेक्षा कमी वजनाच्या अर्भकांसाठी वेगळे आणि त्यापुढच्या मुलांसाठी वेगळे जाकीट असते. खोलीत ते नसेल तर पहिल्याच दिवशी मागून घ्यावे. यात संकोच कसला?

आता मुलांना समुद्र सोसतो काय, हा दुसरा प्रश्न. ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स यांचा या बाबतीतला अनुभव मोठा गमतीचा आहे. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून ते २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले, आणि इथून त्यांनी आपल्या वडिलांना पत्र लिहिले. त्यांच्या ताफ्यातील पाच जहाजांवर पुष्कळ मुले होती आणि समुद्रावर ती मोठ्या माणसांपेक्षा अधिक टिकाव धरतात, असे त्यांनी त्यात नमूद केले आहे. आजचे वैद्यक त्यांना निम्मा दुजोरा देते. दोन वर्षांखालील मुलांना बोट सहसा लागत नाही. सहा ते बारा या वयात मात्र ती सर्वांत जास्त लागते. म्हणून कडेवरच्या बाळाची चिंता करणाऱ्या आईने खरे लक्ष तिसरीतल्या थोरल्याकडे द्यावे. खोली शक्यतो जहाजाच्या मधोमध व खालच्या मजल्यावर घ्यावी, तिथे हेलकावा कमी जाणवतो. मळमळ सुरू होताच पुस्तक व मोबाइल बाजूला ठेवून मुलास मोकळ्या हवेत क्षितिजाकडे पाहावयास लावावे. औषध डॉक्टरांना विचारूनच द्यावे. अर्भक सहा महिन्यांपेक्षा लहान असेल तर बहुतेक कंपन्या घेतच नाहीत.

खोलीला सज्जा असल्यास त्यातली खुर्ची कठड्यापासून दूर ठेवावी आणि दाराची कडी मुलाच्या हातास पोहोचत नाही ना, हे पाहावे. तलावावर रक्षक असेलच असे धरून चालू नये.

ज्यांना एवढ्या खर्चाच्या सहलीपूर्वी मुलांची परीक्षा पाहायची असेल, त्यांनी एखाद्या रविवारी पेडण्यातील केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने तेरेखोलला जावे. पाचदहा मिनिटांचे पाणी, पलीकडे किल्ला आणि त्यातील सेंट अँथनीचे देऊळ. मूल पाणी पाहून कठड्याकडे धावते की आईला बिलगते, एवढे कळले तरी पुष्कळ. त्या तरुण आईने हेच केले, आणि सासूबाईंनाही बरोबर नेले. सासूबाई फेरीबोटीत चढल्या, मधोमध उभ्या राहिल्या, आणि लाल जाकिटे कुठे ठेवली आहेत, असे त्यांनी खलाशाला सर्वांआधी विचारले.