सोळा खून आणि माफीचा साक्षीदार

(एडिनबऱ्यातील बैठकीत 'बर्क अँड हेअर' हा चित्रपट दाखवल्यानंतर केलेले भाषण)



आत्ता आपण दीड तास पोट धरून हसलो. मीही हसलो. आता थोडा वेळ त्या हसण्याची उलटतपासणी घेऊ या.

जॉन लँडिसच्या या २०१० सालच्या चित्रपटामागची हकीकत आपल्याच शहरातली आहे. वेस्ट पोर्ट भागात हेअर आणि त्याची बायको गरिबांना भाड्याने खाटा देत. नोव्हेंबर १८२७ मध्ये त्यांचा एक म्हातारा भाडेकरू चार पौंड थकवून आजाराने मेला. हेअर आणि बर्क या दोघांनी त्याचे प्रेत डॉ. रॉबर्ट नॉक्सच्या शरीरशास्त्राच्या वर्गाला ७ पौंड १० शिलिंगांना विकले. पुढच्या वर्षभरात या दोघांनी १६ माणसे मारून विकली.

चित्रपट सुरुवातीलाच बजावतो की गोष्ट खरी आहे, पण खोटे भाग सोडून! आणि गोष्ट सांगायला उभा राहतो तो चक्क जल्लाद. या गोष्टीतला बर्क प्रेमात पडलेला भाबडा माणूस आहे. प्रेयसीला फक्त बायकांना घेऊन 'मॅकबेथ' करायचे आहे, त्यासाठी त्याला पैसे हवेत. शेवटी इतरांची सुटका व्हावी म्हणून तो गुन्हा कबूल करतो. आपले डोळे पाणावतात.

प्रत्यक्षात काय झाले? प्रेतांची चिरफाड होऊन गेलेली, पुरावा तोकडा. म्हणून सरकारने हेअरला माफीचा साक्षीदार केले. हे शब्द ऐकले की आपल्यापैकी अनेकांना पुण्याचे जोशी-अभ्यंकर खून आणि त्यावरचा १९८६ चा मराठी चित्रपट आठवेल. इथेही तोच मार्ग. जोडीदाराने जोडीदाराविरुद्ध साक्ष दिली आणि बर्क २८ जानेवारी १८२९ रोजी फासावर गेला. त्याचा सांगाडा आजही एडिनबरा विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. त्यागबिग काही नव्हता.

बर्कने फाशीपूर्वी दोन कबुलीजबाब दिले. दोन्हींत खुनांचा क्रम वेगवेगळा! हेअरने जे सांगितले ते स्वतःची मान सोडवण्यासाठी. म्हणजे अविश्वसनीय निवेदक हा पटकथाकाराचा शोध नाही, मूळ कागदपत्रेच तशी आहेत.

पण मला खुपते ते वेगळेच. मारले गेलेल्यांतले कित्येक जण इतिहासात फक्त या कबुलीजबाबांमुळे उरले आहेत. कावीळ झालेला एक इंग्रज. एक आजी आणि तिचा नातू. नावेसुद्धा नाहीत. ज्यांनी मारले, त्यांना जेवढे आठवले तेवढेच हे लोक शिल्लक राहिले. खटला चालला तो १६ पैकी एकाच खुनाचा, मार्गारेट डोहर्टीचा. जेमी विल्सन या रस्त्यावरच्या गतिमंद तरुणाच्या आईने आणि बहिणीने हेअरवर खाजगी फिर्याद करून पाहिली. माफी दिलेली आहे, असे सांगून न्यायालयाने ती फेटाळली. हेअर फेब्रुवारी १८२९ मध्ये सुटला. डॉ. नॉक्सवर तर खटला झालाच नाही.

आणि या प्रकरणातून सरकार काय शिकले? १८३२ च्या शरीरशास्त्र कायद्याने गरीबगृहांतली आणि इस्पितळांतली बेवारस प्रेते वैद्यकीय शाळांना मिळू लागली. खून करून प्रेते विकण्याचा धंदा बंद पडला, हे खरेच. पण टेबलावर गरीबच राहिला. फक्त आता कायदेशीरपणे.

गुन्ह्यावर विनोद करू नये, असे मी म्हणत नाही. विनोद ढोंग उघडे पाडू शकतो, आणि या चित्रपटात डॉक्टरांची लालसा थोडीफार उघडी पडतेही. पण ज्या गोष्टीत मारणारा, त्याचा भागीदार आणि जल्लाद सगळे बोलतात आणि मेलेला तेवढा गप्प असतो, तिथे हसता हसता एकदा विचारावे, की जेमीच्या आईने हीच गोष्ट कशी सांगितली असती?

एवढेच विचारायचे होते. चहा तयार आहे. आता तुम्ही बोला, मी ऐकतो.